वर्षाचे उपकार लिहायला काय घ्यावं? बरणी, छापील डायरी, वचनपेटी की साधी वही

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात आणि चर्चच्या आवारातल्या विक्रीच्या टेबलावर तीन वस्तू हमखास मांडलेल्या दिसतात. पुढच्या वर्षाची छापील कृतज्ञता डायरी, वचनांच्या कार्डांची पेटी, आणि अलीकडे रिबीन बांधलेली काचेची बरणी व सोबत रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तिन्हींचं काम एकच. देवाने वर्षभरात केलेले उपकार लक्षात राहावेत आणि ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहिल्यावर "प्रभूने सांभाळलं" याच्या पुढेही काही सांगता यावं. हे परीक्षण तेवढ्याच कामापुरतं आहे. वस्तू दिसते कशी, भेट द्यायला बरी का, हे इथे पाहिलेलं नाही. बारा महिन्यांनी उघडल्यावर हाती काय लागतं, ते पाहिलं आहे.

विसरणं ही पवित्र शास्त्राच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएलाला बजावतो की पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनंनाणं वाढेल, आणि मग म्हणाल की हे सगळं माझ्याच हाताच्या बळाने मिळवलं. या विसरण्यावर बायबलने दिलेले उपाय हातात धरता येतील असे आहेत. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलवले आणि गिलगालात उभे केले, उद्या मुलांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून. शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असं नाव दिलं. प्रत्येक धोंड्यामागे एक ठरावीक दिवस, एक ठिकाण आणि एक प्रसंग आहे. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारले. कधी घडलं ते कळतं का? देवाने ते कोणाच्या हातून दिलं ते कळतं का? आणि हे लिखाण देवाशी बोलतं, की फक्त स्वतःशी?

बरणी

लहान मुलांच्या घरात बरणीइतकी सोपी वस्तू नाही. पाच-सहा वर्षांचं पोर चित्र काढून टाकू शकतं, लिहिता न येणारी आजी नातवाकडून लिहून घेऊ शकते, आणि एक चिठ्ठी लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सुरुवात करून देण्यात ती सगळ्यांच्या पुढे आहे.

सजवलेली विकत घ्यायची गरज मात्र नाही. चार माणसांच्या घरात प्रत्येकाने आठवड्याला एक चिठ्ठी टाकली तर वर्षाला २०८ होतात. ए-४ कागदाचे आठ सारखे तुकडे केले तर २६ कागदांत वर्ष निघतं. दोनदा दुमडलेल्या एवढ्या चिठ्ठ्यांना दोन लिटरची बरणी पुरते. भेटवस्तू म्हणून मिळणाऱ्या बरण्या बहुधा अर्ध्या ते एक लिटरच्या असतात. त्या जुलैपर्यंत भरतात आणि भरली की काम संपलं असं घरातल्यांना वाटू लागतं. तोंड निदान नऊ-दहा सेंटिमीटर रुंद हवं, नाहीतर वर्षअखेरीला मोठ्या माणसाचा हात आत जात नाही आणि बरणी उलटी करून झटकावी लागते. स्टीलचा डबा घेऊ नका. चिठ्ठ्या वाढताना दिसतात म्हणून तर मुलं टाकत राहतात. लोणच्याची जुनी बरणीही नको. काच स्वच्छ होते, पण झाकणाच्या रबरात मुरलेलं तेल आणि वास जात नाही, आणि वरच्या चिठ्ठ्यांवर डाग धरतात.

कागद आणि शाईवर बरंच काही अवलंबून आहे. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या टाळा. त्या आतल्या आत एकमेकींना धरतात आणि सोडवताना फाटतात. दुकानाच्या किंवा एटीएमच्या पावतीच्या पाठीवर तर कधीच लिहू नका. तो कागद उष्णतेने छापला जाणारा असतो, पुढची छपाई उडते आणि ऊन लागलं तर कागदच काळवंडतो. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. वसई, मुंबई, कोकणातल्या पावसाळ्यात ही ओल चार महिने घरातच असते. साधं बॉलपेन किंवा पेन्सिल उत्तम. जून लागण्याआधी झाकण घट्ट बसतं का ते पाहा आणि तळाला थोडी वाळवलेली कडुलिंबाची पानं टाका. कसर लागत नाही.

बरणीचा खरा दोष वर्षाच्या शेवटी दिसतो: तिच्यात क्रम राहत नाही. "रिपोर्ट चांगला आला, स्तुती असो" ही ऑक्टोबरची चिठ्ठी आधी हाती येते आणि "गाठ लागतेय, भीती वाटते, प्रार्थना करा" ही ऑगस्टची चिठ्ठी शेवटी. मधले दोन महिने कुठेच नसतात. इस्राएलाने देवाचे उपकार सांगितले ते गोष्टीच्या रूपात: मिसर, समुद्र, रान, मग देश. रानाचा भाग गळला तर देशात पोहोचण्याला काय अर्थ उरतो? दोन गोष्टींनी हा दोष निम्मा कमी होतो. प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, आणि दर तिमाहीला कागदाचा रंग वेगळा. मग वाचण्याआधी मुलांना जमिनीवर बारा गठ्ठे लावायला सांगायचे. पाव तासाचं काम आहे आणि मुलं ते आवडीने करतात.

दुसरा दोष चिठ्ठीच्या आकारातून येतो. एवढ्याशा कागदावर माणूस "देवाने बरं केलं" एवढंच लिहितो. डिसेंबरात कोणाला, कशातून, कधी, हे कोणालाच आठवत नाही. असे पंचवीस कागद ओळीने वाचले की ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एकूणात, घरातलं धाकटं मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर बरणी जरूर ठेवा. पण एकटी नको. तिच्या जोडीला काय, ते पुढे येतं.

छापील कृतज्ञता डायरी

किंमत तीन-चारशे रुपयांपासून पुढे, कव्हर देखणं, आत रोजचं एक वचन आणि खाली तीन रेघा: आजच्या तीन चांगल्या गोष्टी. प्रामाणिकपणे भरली तर वर्षाला १,०९५ नोंदी होतात. एक नोंद पाच सेकंदांत वाचली तरी दीड तास लागतो, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी "चहा", "पाऊस", "शांत झोप" अशा असतात. चहाबद्दल देवाचे आभार मानावेतच. पण रोज तीनाचा कोटा भरायचा म्हटलं की फेब्रुवारीपर्यंत हात आपोआप चालू लागतो आणि मन त्यात राहत नाही.

त्याहून मोठी अडचण प्रश्नांच्या रचनेत आहे. "आज मला कशाने छान वाटलं?" या प्रश्नाचं उत्तर देवावर विश्वास नसलेला माणूसही तसंच देईल. यात आभार आहेत, पण ते कोणाचे हा पत्ताच नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले. आनंद दहाही जणांना झाला असणार. येशूच्या पायाशी परत आला तो एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका. डायरीने माणसाला परत यायला लावलं पाहिजे. घरात अशी डायरी आधीच असेल तर फेकू नका. तीन रेघांऐवजी एकच भरा आणि वाक्याची सुरुवात "प्रभू, तू" अशी करा. "आज पगार वेळेवर झाला" आणि "प्रभू, तू आज फीच्या तारखेआधी पगार दिलास" या दोन वाक्यांत दुसरं प्रार्थना आहे, आणि त्यात फीच्या तारखेची काळजीही नोंदली गेली.

कॅथलिक घरांत रात्रीचं विवेकपरीक्षण, म्हणजे दिवसभरातलं आपलं वागणं देवासमोर तपासणं, करण्याची सवय असेल तर डायरी त्याच वेळी भरावी. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ साली पोपच्या मान्यतेने छापलं गेलं, या परीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. पहिली पायरी आभाराची आहे. आपली पापं आठवण्याच्याही आधी, मिळालेल्या उपकारांसाठी देवाचे आभार. हा क्रम छापील डायऱ्यांच्या प्रश्नांपेक्षा कितीतरी सकस आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

विकत घ्यायचीच असेल तर तारखा न छापलेली घ्या. छापील तारखेची दहा कोरी पानं मागे राहिली की माणूस अकराव्या दिवशी डायरी उघडायचं टाळतो. दुकानात पान चोळून पाहा. गुळगुळीत, चकाकणाऱ्या कागदावर बॉलपेन घसरतं आणि शाई फुसकी उमटते. बांधणी शिवलेली हवी. नुसती डिंकाने चिकटवलेली डायरी मे महिन्याच्या उकाड्यात कण्यातून सुटते.

वचनपेटी

१ जानेवारीला उपासनेनंतर कार्ड ओढायचं आणि ते आपल्यासाठी वर्षाचं वचन मानायचं, ही रीत आपल्याकडे अनेक मंडळ्यांत आहे. तिची मुळं जुनी आहेत. जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२८ साली रोज एक वचन घरोघर पोहोचवायला सुरुवात केली आणि १७३१ पासून वर्षभराची वचनं पुस्तकरूपात छापली. ती परंपरा आजही चालू आहे. तिथे जुन्या करारातलं वचन चिठ्ठी टाकून निघतं, पण त्याच्या जोडीला नव्या करारातलं वचन विचारपूर्वक निवडतात. म्हणजे वचन एकटं सोडत नाहीत.

आपल्या पेट्यांत ते एकटंच असतं, आणि तिथे गडबड होते. यिर्मया २९:११ हे कार्ड जवळजवळ प्रत्येक पेटीत सापडतं: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. त्याच्या लगेच आधीचं, दहावं वचन मात्र कुठल्याच पेटीत नसतं. त्यात देव सांगतो की बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन. म्हणजे बाबेलात बंदिवान झालेल्यांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या हयातीत ते घडणार नव्हतं. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच. मी सर्व काही करायला शक्तिमान आहे, असं पौल म्हणतो ते बंदिवासातून, आणि बाराव्या वचनात तो तृप्त असणं आणि भुकेलं असणं दोन्ही शिकलो म्हणतो. कार्डावर तेरावं येतं, भूक येत नाही. मग वर्षअखेरीला माणूस हिशेब करतो: वचन निघालं होतं भरभराटीचं, आणि गेली तर नोकरी. खोटं काय होतं?

पेटी घेताना दहा कार्डं काढून तपासा. प्रत्येकावर पुस्तक, अध्याय आणि वचन तिन्ही छापलेले हवेत. नुसतं वाक्य आणि खाली फुलाचं चित्र असेल तर ती पेटी परत ठेवा. अर्धवट तोडलेली वचनंही ओळखा. स्तोत्र ३७:४ मधलं "मनोरथ पूर्ण करील" छापलं आणि त्याआधीचं परमेश्वराच्या ठायी आनंद करण्याचं सांगणं गाळलं, तर वचनाचा निम्मा जीव गेला.

असं असलं तरी वचनपेटी आम्ही नाकारत नाही. कार्ड निघालं की त्याच दिवशी बायबल उघडून पूर्ण अध्याय वाचा, कार्ड वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, खाली तारीख आणि त्या दिवशी घरात असलेली सगळ्यात मोठी काळजी एका ओळीत लिहा. डिसेंबरात ते पान पुन्हा वाचलं की त्या काळजीतून देव कुठून कसा घेऊन गेला हे समोर येतं. भविष्य पाहिल्यासारखी कार्डं ओढली, मनासारखं आलं नाही म्हणून दुसरं काढलं, तर ती पेटी घरात नसलेलीच बरी.

फोनबद्दल थोडक्यात. आभाराच्या नोंदी ठेवण्याची ॲप आहेत, पण त्यांतले प्रश्न बहुधा इंग्रजीत असतात आणि सलग किती दिवस लिहिलं याची मोजणी ती पुढे करतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, आणि आकड्यासाठी लिहिणारं माणूस तिथेच थांबतं. फोटोंवरून वर्ष आठवायला बसलात तर लग्नं आणि सहली तेवढ्या सापडतात. इस्पितळातल्या रात्रीचा फोटो कोणी काढलेला नसतो. घरातलं कोणी परगावी किंवा आखातात नोकरीला असेल तर फक्त कुटुंबाचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यात शुभ सकाळ आणि फॉरवर्ड पूर्ण बंद ठेवा, मेसेज आपोआप पुसण्याची सोय बंद आहे ना ते पाहा, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यातलं वहीत उतरवून घ्या. फोन निरोप्याचं काम चांगलं करतो, जपून ठेवण्याचं नाही.

दोनशे पानी वही

आमची निवड हीच. शंभर रुपयांच्या आत मिळणारी, पुठ्ठ्याच्या कव्हराची, एकरेघी, शिवलेल्या बांधणीची वही. काही वह्यांवर छापलेल्या आकड्यात कव्हरही मोजलेलं असतं, म्हणून पानं मोजून घ्या. प्रत्यक्षात १७२ असली तरी पुरतात.

पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना क्रमांक घाला. हा अर्धा तास टाळू नका, वर्षअखेरीला शोधाशोध त्याच्यामुळे वाचते. पहिलं पान वचनासाठी. मग प्रत्येक आठवड्याला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे ५२ आठवड्यांची १०४. प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक पान सारांशाला. शेवटची वीस पानं मदत करणाऱ्या माणसांच्या नावांसाठी. उरलेल्या पानांवर निकालपत्राची झेरॉक्स, बाप्तिस्म्याच्या कार्यक्रमाची पत्रिका, पत्र असं काहीही चिकटवा.

डाव्या पानावर त्या आठवड्याचं मागणं, उजव्या पानावर उपकार. दोन्ही पानं शेजारी असल्यामुळे प्रार्थना आणि उत्तर एकमेकांपासून तुटत नाहीत, आणि बरणीत हरवतो तो मधला काळ इथे आपोआप नोंदला जातो. उत्तर मिळालं की मागण्यासमोर उत्तराच्या पानाचा क्रमांक लिहायचा. पाच महिन्यांनी मिळालेल्या उत्तराचं मोल तो क्रमांक पाहूनच कळतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. डावं पान म्हणजे मागणी आणि उजवं म्हणजे पुरवठा, असा हिशेब देवाशी मांडला की वही बिघडली. अनेक मागण्यांसमोरची जागा कोरीच राहते. ती खोडू नका, बळेच उत्तर शोधूनही भरू नका. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच त्याला सांगितलं गेलं. कोरी जागा हाही वर्षाचा खरा भाग आहे.

रोज लिहू नका, आठवड्यातून एकदाच लिहा. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला जोडून दहा मिनिटं ठेवली की ते टिकतं. लिहिणारं एकच माणूस असावं, बाकीच्यांनी सांगावं. लिहिणारी व्यक्ती दर महिन्याला बदला, म्हणजे आईवरच सगळा भार येत नाही आणि वडिलांना जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच वर्षभर नोंदलं जात नाही. पाच ओळींची मर्यादा ठेवा.

नोंद कशी असावी? "बाबांना आजारातून बरं केलंस" हे लिहिलं तर डिसेंबरात त्यातून काहीच उगवत नाही. आता हे पाहा: "१४ ऑगस्ट. प्रभू, पाचव्या दिवशी बाबांचा ताप उतरवलास. रिपोर्टमध्ये डेंग्यू होता. परवा रात्री दीडला वरच्या मजल्यावरचे काका गाडी काढून इस्पितळात घेऊन आले आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिले." चार वाक्यांत तारीख आहे, भीती आहे, देवाला हाक आहे, आणि ज्यांच्या हातून मदत आली ते काका आहेत. त्यांचं नाव लगेच मागच्या पानांत जायला हवं, पानाच्या क्रमांकासह.

लोक जिथे चुकतात ती जागा म्हणजे तुलना. "शेजाऱ्यांच्या मुलाला सीट मिळाली नाही, आपल्याला मिळाली, देवाची कृपा." हे लिहिताना वाईट हेतू नसतो, पण लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशीही, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूसही, आभारच मानत होता, इतर लोकांसारखा मी नाही म्हणून. ज्या वाक्यातून शेजाऱ्याचं नुकसान काढलं की आभारच उरत नाहीत, ते वाक्य वहीत नको. दुसरी चूक अशी की फक्त मोठ्या गोष्टी लिहायच्या: नोकरी, फ्लॅट, लग्न. अशा घरात पंचेचाळीस आठवडे कोरे जातात. तिसरी, घरातली भांडणं वगळणं. समेट झाला तर तोही उपकार आहे, पण ज्याची चूक होती त्याच्या संमतीशिवाय तो लिहू नका. ही वही सगळ्यांसमोर वाचली जाणार असते.

वर्षअखेरचं वाचन

३१ डिसेंबरला हे करायला जाऊ नका. त्या रात्री उपासनेची तयारी, पाहुणे, फराळ आणि अंघोळी यांत कोणालाच स्वस्थता नसते. २६ ते ३० डिसेंबर यांतली एक संध्याकाळ ठरवा आणि दीड तास मोकळा ठेवा. पूर्ण वही वाचू नका. बारा महिन्यांची सारांशाची पानं तेवढी वाचा, महिन्याला चार मिनिटं धरली तर पाऊण तास होतो. वाचणारा दर महिन्याला बदला. घरात बरणी असेल तर त्या महिन्याचा गठ्ठा मुलांनी त्याच वेळी वाचायचा. बरणी आणि वही अशी एकमेकींना पूरक होतात.

मग खरं काम. स्तोत्र १३६ काढा. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच धृपद: त्याची दया सनातन आहे. स्तोत्रकर्ता आकाश आणि पृथ्वीपासून सुरुवात करतो, मिसरातून सुटकेवर येतो, रान, सीहोन आणि ओग या राजांशी झालेल्या लढाया सांगतो, आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली म्हणतो आणि सर्व प्राण्यांना अन्न देणाऱ्यावर येऊन पोहोचतो. याच साच्यात घराचं स्तोत्र लिहा. २६ ओळी, प्रत्येकात एक प्रसंग. आरंभी सृष्टीच्या दोन-तीन ओळी ठेवा, त्या वर्षीचा पाऊस, पीक, अंगणातलं झाड. मधे लढाया. शेवटाकडे अन्न. एकाने ओळ वाचायची आणि सगळ्यांनी धृपद म्हणायचं. ज्या ओळीवर आवाज अडखळतो तिथेही धृपद तेच येतं, आणि या रचनेचं बळ तिथेच आहे. तीन वर्षांची तीन स्तोत्रं एकाच जागी ठेवली की मुलांना घराचा इतिहास पाठ होतो.

त्या वर्षी घरात मृत्यू झाला असेल तर सव्वीस ओळींचा आग्रह सोडा. आभार मानलेच पाहिजेत म्हणून शोकात असलेल्या माणसाच्या तोंडून ते काढून घेणं क्रूरपणाचं आहे, आणि पवित्र शास्त्र तसं करत नाही. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे आणि त्यातली पहिली चार तक्रारीची आहेत. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत उजेडाकडे वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. अशा घराने विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली दोन वचनं वाचावीत, २२ आणि २३. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर लिहिलेल्या पुस्तकात ती आहेत. हबक्कूकच्या शेवटच्या अध्यायातही अंजीर, द्राक्षं, जैतून, शेत, मेंढरं, गुरं या सहांची उणीव एकेक करून मोजली आहे, आणि त्यानंतर आनंदाचा शब्द येतो. उणीव मोजायची मुभा आहे. त्या घरासाठी वहीचं एक पान उणिवांच्या यादीला द्यावं.

शेवटची वीस पानं याच संध्याकाळी उघडा. वर्षभरात साठ-सत्तर नावं सहज जमतात: रक्त देणारा सहकारी, फी उशिरा घेणारी शिकवणीची बाई, रात्रपाळीची नर्स, पाळकसाहेब, काका. त्यातली दहा निवडा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करा किंवा भेटून या. ख्रिस्ती नसलेली माणसं या यादीत हमखास असतात आणि असायलाच हवीत. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची, म्हणजे पिकाच्या पहिल्या फळांची, टोपली घेऊन आलेल्याला सांगितलं आहे की लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला) आणि तुझ्यामध्ये राहणारा परका यांच्यासह आनंद कर. चर्चला द्यायचं आभारार्पणाचं पाकीट भरतानाही हे ध्यानात ठेवा. रक्कम ठरवण्याआधी पाकिटाच्या मागे वर्षातले तीन उपकार नेमके लिहा, आणि एक हिस्सा मंडळीबाहेरच्या गरजूसाठी बाजूला काढा.

राहिली ३१ डिसेंबरची साक्ष. वर्षाची शेवटची रात्र जागून काढण्याची ही उपासना मोरावियनांकडून मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने घेतली, १७४० मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडला मेथडिस्टांमध्ये ती सुरू झाली, आणि १७५५ पासून तिच्या जोडीला देवाशी नव्याने करार करण्याची उपासना आली. कॅथलिक चर्चमध्ये त्याच दिवशी "ते देउम" हे आभाराचं प्राचीन लॅटिन स्तुतिगीत म्हणतात. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत साक्षीची वेळ असते आणि ती बहुतेकदा लांबते, कारण बोलणाऱ्याला नेमकं काय सांगायचं ते ठरलेलं नसतं. वहीतला एकच प्रसंग निवडा, तारखेपासून सुरुवात करा, आणि कागदावर दोनशे शब्दांच्या वर जाऊ नका. बोलायला दोन मिनिटं लागतात. पंधरा माणसं बोलली तरी अर्ध्या तासात होतं आणि मध्यरात्रीच्या प्रार्थनेला वेळ उरतो. पाळकांनी नाताळच्या रविवारीच हे मंडळीला सांगून ठेवावं आणि साक्ष देणाऱ्यांची नावं ३० तारखेपर्यंत घ्यावीत.